वाचकांचे प्रश्न : डोंगरउतारावरची शेती

गावाकडे उताराची जमीन पडून आहे, तिचे काय करावे, असे विचारणारी मुंबई-ठाण्याच्या वाचकांची बरीच पत्रे आली. सारख्या प्रश्नांना इथे एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : आमचे गाव पोलादपूर तालुक्यात. दोन एकर वरकस जमीन उतारावर आहे, पूर्वी नाचणी-वरी व्हायची. भावाला पुन्हा पिकवायची आहे. जेसीबी लावून दोन दिवसांत पायऱ्या पाडून देतो, असे एकजण म्हणतो. करून घ्यावे का? (भांडुप)

नको. सह्याद्रीच्या उतारावर चांगली माती वीतभरच असते, तिच्याखाली मुरूम किंवा कातळ. यंत्राने उतार कापला की ही वीतभर माती खाली ढकलली जाते आणि पिकाच्या वाट्याला मुरूम येतो. दुसरा धोका याहून मोठा आहे. पायरीचा आतला अर्धा भाग खोदलेला आणि बाहेरचा अर्धा भाग भरावाचा असतो. या भरावाची जुन्या जमिनीशी सांधेजोड झालेली नसते. जुलैच्या झडीत पाणी या दोन थरांच्या मधून उतरू लागते आणि भराव सुटतो. एक पायरी सुटली की तिच्या वजनाने खालची जाते.

आधी उतार मोजा. दोन मीटरची काठी वरच्या बाजूला जमिनीवर टेकवून आडवी, पाणसळीत धरा आणि तिचे खालचे टोक जमिनीपासून किती वर राहते ते टेपने पाहा. ४० सेंमी आले तर उतार २० टक्के. ६० सेंमीच्या वर आले तर तिथे नाचणीचा विचार सोडा. ती जागा काजू, बांबू आणि गवताची. काजूच्या वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या जातींची कलमे लावा. ६० सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा घ्या आणि झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती आळे करा. भोवतालची जमीन खणू नका.

२० टक्क्यांच्या आसपास असेल तर समपातळीच्या रेषा आखा आणि त्यांवर दगडी ताल, म्हणजे सुक्या दगडांचे बांध, घाला. दोन तालांमध्ये उभा फरक दीड मीटरचा धरला, तर २० टक्के उतारावर ते साडेसात मीटर अंतरावर येतात.

रेषा डोळ्यांच्या अंदाजाने आखू नका. सव्वादोन मीटरच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, पाय दोन मीटर फाकवा आणि मध्ये आडवी काठी बांधा. वरच्या गाठीतून सुतळीला दगड बांधून सोडा. दोन्ही पाय जिथे टेकले तिथे खुंट्या ठोका आणि सुतळी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. आता चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच खुंट्यांवर टेकवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे पाणसळ. त्यानंतर एक पाय रोवून दुसरा वर-खाली सरकवायचा आणि सुतळी मध्यावर आली की खुंटी ठोकायची. असे पावलापावलाने शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. वारा असेल तर दगड जड घ्या.

कोकणातल्या माणसाने इथे एक फरक करायचा. कमी पावसाच्या मुलखात रेषा अगदी सपाट ठेवून पाणी जिरवतात. पोलादपूरसारख्या भागात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सगळे पाणी अडवले तर ताल फुटतो. म्हणून चौकटीच्या पुढच्या पायाखाली एक सेंटिमीटर जाडीची चिप बांधा. मग रेषा दर दोन मीटरला एक सेंटिमीटर उतरते आणि जास्तीचे पाणी सावकाश एका कडेला, नैसर्गिक ओहळाकडे जाते. ओहळाच्या तोंडाशी मोठे दगड बसवा, नाहीतर तिथेच घळ पडेल.

तालाचा पाया वीतभर खोल खणा. सर्वांत मोठे दगड तळाला ठेवा आणि प्रत्येक दगड डोंगराच्या बाजूला किंचित कलता बसवा. फटींत चिपा ठोका, माती भरू नका, पाणी झिरपायला वाट हवी. ताल बहुतेक वेळा मधोमध फुटतो, कारण रेषा तिथे नकळत खाली गेलेली असते आणि सगळे पाणी तिथे गोळा होते. दगड कमी असतील तर जूनमध्ये पाऊस लागताच वाळ्याचे ठोंब १५ सेंमीवर एका ओळीत लावा. शंभर मीटरला सुमारे ६७० ठोंब लागतात. पहिल्या वर्षी मेलेल्या ठोंबांच्या जागा लगेच भरा. एक दात पडलेली ओळ काहीच अडवत नाही, उलट पाण्याला नेमकी वाट देते.

घरांच्या वरच्या अंगाला तीव्र उतार असेल तर तिथे चर खणू नका. कोणत्याही योजनेतून होत असले तरी ग्रामसभेत हरकत घ्या. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही ठिकाणी सलग मुसळधार पावसात डोंगर सुटला. चर पाणी मुरवतो, आणि वस्तीच्या माथ्यावर मुरलेले पाणी मातीचे वजन वाढवते व तिची पकड ढिली करते. जमिनीला नव्या भेगा, कललेली झाडे किंवा खांब, दारे अचानक घट्ट बसणे, नेहमीच्या झऱ्याला गढूळ पाणी येणे, यांतले काहीही दिसले तर घर त्याच दिवशी सोडायचे आणि तहसील कार्यालयाला कळवायचे. रात्र होण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : पावसाळ्यात नुसता पूर आणि एप्रिलात टँकर. नवी लावलेली कलमे दोन उन्हाळे जगवायची आहेत. जलकुंड किती मोठे करावे? (मुलुंड)

चार मीटर लांब, दोन रुंद, दीड खोल असा खड्डा १२ हजार लिटरचा होतो. खड्ड्याचा तळ व भिंती आणि चारही बाजूंना अर्धा मीटर दाबायला धरून सिलपॉलिनचा, म्हणजे जाड प्लॅस्टिकचा, ८ × ६ मीटरचा अखंड कागद घ्या. जोड दिलेला नको. अंथरण्याआधी भिंतीतले टोकदार दगड आणि मुळ्या काढा, तळाला गाळलेली माती पसरा, तिच्यावर जुनी गोणपाटे घाला. कागद ताणून बसवू नका. पाण्याच्या वजनाने तो खाली जातो आणि ताणलेला असेल तर कोपऱ्यात फाटतो.

ओहळाचे पाणी त्यात वळवायची गरज नाही. आठ चौरस मीटर तोंडावर तीन मीटर पाऊस पडला तर २४ हजार लिटर पाणी थेट आकाशातून येते, म्हणजे कुंडाच्या दुप्पट. ओहळ वळवला की गाळ येतो आणि दुसऱ्याच वर्षी खोली कमी होते.

खरे नुकसान पावसाळा संपल्यावर होते. बाष्पीभवन दिवसाला चार-पाच मिलिमीटर धरले तरी ऑक्टोबर ते मे या काळात एक मीटर पाणी उडून जाते, दीड मीटरच्या कुंडातले! म्हणून पाऊस थांबताच बांबूच्या आढ्यावर पेंढ्याचे छप्पर हवेच. एका कलमाला आठवड्याला दहा लिटर पाणी धरले तर जानेवारी ते मे या वीस आठवड्यांत २०० लिटर होते. हिशेबाने ६० कलमे बसतात, पण छप्पर घालूनही थोडे उडतेच, म्हणून ४० धरा. बुंध्याशी गवताचे आच्छादन घाला. भोवती काटेरी कुंपण घाला आणि आत गाठी मारलेला दोर कायम सोडून ठेवा. ओल्या प्लॅस्टिकवरून पोरालाच काय, मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

प्रश्न : मोखाड्याजवळ वनहक्काचा पट्टा मिळालेली दोन एकर जमीन स्वस्तात मिळते आहे. नोटरी करून घेता येईल का? (बोरिवली)

नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला हक्क वारसाकडे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. नोटरी केल्याने ते कायदेशीर होत नाही. आदिवासींच्या मालकीची साधी शेतजमीनही बिगरआदिवासीला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. तुमचे पैसे जातील हा भाग आहेच, पण ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या कसून हा हक्क मिळवला त्यांच्या हातून तो जायला तुमचा कागद निमित्त ठरेल. त्यांच्याकडून पीक विकत घ्या, जमीन नको.

प्रश्न : मुरबाडला आमच्याकडे दरवर्षी राब जाळतात. त्यासाठी ऐनाच्या फांद्या छाटतात. हे बंद करायला सांगितले की वडीलधारे चिडतात. तुमचे मत? (डोंबिवली)

वडीलधारे उगाच चिडत नाहीत. शेण, टहाळ, गवत आणि वर मातीचा पातळ थर अशी भाजणी, म्हणजेच राब, भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर केली की वरच्या थरातले तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते आणि माती भुसभुशीत होते. जाणती माणसे आग वाऱ्याच्या उलट सरकेल अशी लावतात, म्हणजे ती सावकाश जळते आणि उष्णता मातीत उतरते. पहिले तीन आठवडे तणाने रोप दाबले नाही, तर पुढचा हंगाम सोपा जातो. राबाचा उपयोग इतका रोकडा आहे, म्हणूनच तो टिकला.

त्याची किंमत मात्र वाढत चालली आहे. ऐन, किंजळ दरवर्षी बोडके होतात, शेणखत जळून जाते, टहाळ आणायला बायकांचे दिवसच्या दिवस जातात. म्हणून बंद करा असे म्हणू नका. एक वाफा वेगळा करून दाखवा. एक मीटर रुंद आणि दहा सेंमी उंच गादीवाफा करा. त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा. तुसाच्या राखेत सिलिका असते, तिने रोप ताठ होते. भाताचे बी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाका, म्हणजे दहा लिटरला ३०० ग्रॅम मीठ. तरंगलेले पोचट दाणे फेका, बुडालेले दोनदा स्वच्छ धुवा. धुवायचे विसरले तर उगवण मार खाते. बी ओळीत पेरा, म्हणजे तण हाताने काढता येते. फेकून पेरले तर तण आणि रोप वेगळे ओळखू येत नाही आणि मग ‘राबच बरा होता’ हे ऐकावे लागते.

पुढची पायरी चारसूत्री लागवडीची. तिचे प्रवर्तक डॉ. नारायण सावंत. चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्याला ३० किलो गाडतात. लावणी सुधारित दोरीने १५ आणि २५ सेंमी अशा आलटून-पालटून अंतरावर होते, एका चुडात दोन-तीन रोपे. चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंमी खोल खोचतात. गुंठ्याला ६२५ च्या आसपास गोळ्या, म्हणजे सुमारे १.७ किलो. खत चिखलात खोल असल्याने पाण्याबरोबर वाहत नाही. गोळी वरवर टाकली तर हा सगळा फायदा जातो, आणि मजूर कंटाळले की नेमके हेच होते. गोळ्या खोचताना शेताच्या मालकाने तिथे असावे. गिरिपुष्पाच्या काठ्या याच वर्षी बांधावर लावून ठेवा. पाला पुरेल इतकी झाडे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात.

प्रश्न : बाजारातून आणलेल्या पिकल्या कंटोलीचे बी लावले. वेल मांडवभर झाला, फुले येतात, फळ एकही नाही. (गोरेगाव)

वेल नर असणार, किंवा मादी असून जवळ नर वेल नसणार. कंटोलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि बियांपासून काय येईल ते फूल येईपर्यंत कळत नाही. मादी फुलाच्या देठाशी बारीक काटेरी फळासारखी गाठ असते, नर फुलाला नुसता देठ. लागवडीसाठी कंद घ्यायचे, तेही कुठल्या वेलाचे ते खूण करून. आठ-दहा मादीला एक नर पुरतो. फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा नर फूल मादी फुलावर हलके टेकवले तर फळधारणा वाढते. हिवाळ्यात वेल वाळतो, कंद जमिनीत जिवंत असतो. तो मेला समजून उपटू नका.

या रानभाज्या विकत घेतल्याने रान ओरबाडले जाते का, असेही तुम्ही विचारले आहे. शेवळ्याचा कोंब, फोडशीची पात खुडताना कंद किंवा मूळ जमिनीत राहिले तर पुढच्या पावसात ते पुन्हा येते. मुळासकट उपटलेली जुडी दिसली तर विकणाऱ्या बाईंना तसे सांगा. त्यांच्याशी घासाघीस करू नका. पहाटेची गाडी पकडून दादर-बोरिवलीला बसणाऱ्या या बायांना रानातून मिळणारे रोख पैसे वर्षातून मोजकेच आठवडे येतात.

प्रश्न : जावळी खोऱ्यात मामेभावाला मधपेट्या ठेवायच्या आहेत. कारवी फुलेल तेव्हा सुरुवात करावी का? (परळ)

कारवीवर हिशेब बांधू नका. ती आठ वर्षांनी फुलते आणि प्रत्येक डोंगराचे वर्ष एक नसते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. दरवर्षीचा मध जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा या झाडांचा. ही झाडे पेटीच्या आसपास आहेत का, ते आधी पाहा.

सातेरी मधमाशीच्या दोन पेट्यांनी सुरुवात करावी, दहांनी नको. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, नाहीतर मुंग्या वसाहत पळवून लावतात. वाट्यांत पडलेली पाने रोज काढावी लागतात, कारण एक काडीही मुंग्यांना पूल होते. पावसाळ्यात फुलोरा नसतो, तेव्हा साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक द्यावा. तो संध्याकाळी आणि पेटीच्या आत द्यावा. बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. ज्या जास्तीच्या पोळ्यांवर माश्या बसत नाहीत त्या काढून टाकाव्यात, मेणकिडा तिथेच अंडी घालतो. मध वरच्या कप्प्यातलाच काढायचा आणि पोळ्याचा तीन चतुर्थांश भाग मेणाने बंद झाल्यावर. उघड्या घरांतला मध पातळ असतो, तो बाटलीत आंबतो. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. भावाला आधी तिथल्या पेट्या उघडून पाहू द्या.

प्रश्न : अकोले तालुक्यातल्या आमच्या गावच्या बचत गटाची नाचणी आणि वरई मी सोसायटीत विकते. पहिल्या खेपेनंतर तीन तक्रारी आल्या: खडे लागतात, पिठाला वास येतो, वरईत साल आहे. (दादर)

तिन्ही तक्रारी गावातच सुटतील. खडे मळणीतून येतात. मातीच्या खळ्यावर मळले तर उफणून आणि सुपाने पाखडूनही दाण्याएवढे खडे राहतात, कारण त्यांचे आकारमान नाचणीएवढेच असते. मळणी जाड ताडपत्रीवर करा. तरीही माल घरी आला की मूठभर नाचणी पाण्यात ढवळून पाहा. तळाला कचकच लागली तर ती गोणी परत पाखडायची, पाकिटे भरायची नाहीत.

पिठाचा वास दोन कारणांनी येतो. एक, दाणा ओला असताना दळला. दाताखाली कडक तुटला पाहिजे. दबला तर आणखी दोन दिवस उन्हात. दुसरे, पीठ दळून महिना झाला. नाचणीतले तेल थोडे असले तरी पिठात ते लवकर खवट होते. म्हणून गावातून दाणा आणा आणि दादरलाच ऑर्डरप्रमाणे दळा. गिरणीवाल्याला गव्हाच्या आधी नाचणी दळायला सांगा. ज्यांना गहू चालत नाही ते ग्राहक तुमच्याकडे येणारच आहेत. पीठ गरम असताना पाकीट बंद करू नका, आत वाफ धरते.

नाचणीसत्त्व करायचे असेल तर दाणा १२ तास भिजवा आणि ओल्या कापडात दिवसभर मोड आणा. मोड दाण्याच्या लांबीपेक्षा मोठा होऊ देऊ नका. मग कडक उन्हात वाळवा, मंद आचेवर भाजून दळा. मोड वाढू दिला की कडवटपणा येतो, आणि सावलीत रेंगाळत वाळवला की बुरशी. पावसाळ्यात हे काम घेऊच नका.

वरईचे गणित वेगळे आहे. नाचणी मळली की दाणा मोकळा होतो, वरईला मात्र साल घट्ट चिकटलेली असते आणि ती भरडावी लागते. वेगवेगळ्या आकाराचा दाणा एकत्र यंत्रात घातला की मोठा फुटतो आणि बारीक तसाच सालीसकट बाहेर पडतो. आधी दोन चाळण्यांतून प्रतवारी करून दोन घाण्यांत भरडा. जातीनुसार आणि यंत्रानुसार उतारा बदलतो, म्हणून पहिल्यांदा मोजून दहा किलो भरडा आणि किती किलो तांदूळ, किती कणी, किती कोंडा निघाला ते वहीत लिहा. भाव त्यावरून ठरवा. गट नेमके इथेच बुडतात: कच्च्या वरईच्या भावात चार रुपये मिळवून विकतात आणि भरडाईतली घट कुणाच्या तरी अंगावर पडते. बहुधा ती ज्या बाईने सर्वांत जास्त धान्य दिले तिच्याच.

सोसायटीत दारोदार पाकिटे फिरवू नका. महिन्याची एक तारीख ठरवा, दहा दिवस आधी मागणी आणि निम्मे पैसे घ्या. त्या पैशातून गावातल्या बायकांना धान्य उचलतानाच रोख देता येते. उधारीवर माल द्यायला लागले की त्या पुन्हा व्यापाऱ्याकडे वळतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही. पाकिटावर वजन, दळल्याची तारीख आणि एफएसएसएआय नोंदणीचा १४ आकडी क्रमांक हवा. नोंदणी गटाच्या नावाने काढा, एका व्यक्तीच्या नको. अध्यक्ष बदलल्या की क्रमांक त्यांच्याबरोबर जातो आणि नवी पाकिटे छापावी लागतात. कॅल्शियमची जाहिरात करायची तर जपून करा. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, तेवढेच लिहा. गुडघेदुखी बरी होते असे लिहू नका.